चिकित्सा-संशोधनाचे शिक्षण: कन्हानकाठचा विचार

नागपुराहून जबलपुराकडे जाणारा राजरस्ता १८२१ साली वसविलेली कामठीची छावणी मागे टाकून कन्हान नदीचा पूल ओलांडतो आणि पारशिवनी तालुक्याच्या हद्दीत शिरतो, तेथे नदीचेच नाव धारण केलेले कन्हान हे गाव लागते. सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी पुढे वैनगंगेला मिळते आणि वाटेत नागपूर शहराची तहान भागवीत जाते. गावाच्या आसमंतात कोळशाच्या खाणी आहेत, रामटेकला जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो, आणि खाणींच्या व रेल्वेच्या चाकरीनिमित्त आलेली हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारी कुटुंबे येथील मराठी वस्तीत पिढ्यान् पिढ्या मिसळून गेली आहेत. अशा गावच्या आरोग्य केंद्रात बसणाऱ्या डॉक्टरापुढे, परिचारिकेपुढे किंवा औषधनिर्मात्यापुढे दिवसभरात जी माणसे येतात, त्यांच्या दुखण्यांत साऱ्या पूर्व विदर्भाच्या आरोग्याचे प्रश्न एकवटलेले असतात: सांध्यांच्या वेदनांनी कळवळणारे सिकलसेलचे मूल, वर्षानुवर्षे धुळीत काम करून खोकल्याने खंगलेला खाणकामगार, क्षयाचे औषध मध्येच सोडून परत आलेला रुग्ण, दिवस पुरे होण्याआधीच बाळंत झालेली अशक्त आई.

या प्रत्येकाला औषध द्यावयाचे असते आणि ते ग्रंथात लिहिलेले असते. परंतु तो ग्रंथ बहुधा अन्य देशांतील, अन्य प्रकृतीच्या आणि अन्य परिस्थितीतील रुग्णांवरून लिहिलेला असतो. ते औषध, ती मात्रा आणि ती मुदत कन्हानच्या रुग्णाला जशीच्या तशी लागू पडते किंवा नाही, याचा निवाडा ग्रंथ देत नाही. तो कोणीतरी येथेच, याच रुग्णांच्या साक्षीने करावा लागतो. या निवाड्याच्या शास्त्राला चिकित्सा-संशोधन म्हणतात. आणि ज्यांनी वैद्यक, परिचर्या किंवा औषधशास्त्र यांची पदवी घेतली आहे अशांना ते शास्त्र पद्धतशीर शिकविणे म्हणजे चिकित्सा-संशोधनाचे पदव्युत्तर शिक्षण होय. ही विद्या केवळ मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थांची मिरासदारी राहून चालणार नाही, जेथे रुग्ण आहे आणि जेथे शंका उपजते तेथपर्यंत ती गेली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि त्या मताला नागपूर व आसपासच्या प्रदेशाचा इतिहासच उत्तम आधार देतो.

प्रथम असा प्रश्न कोणीही करील, की वीस-तीस वर्षे रुग्ण तपासलेल्या अनुभवी वैद्याला संशोधन निराळे शिकण्याची आवश्यकता काय? त्याचा अनुभव हाच पुरावा नव्हे काय? अनुभव मोलाचा आहे यात संशय नाही. परंतु एकट्या अनुभवाला फसविणारी कारणे पुष्कळ आहेत. कित्येक दुखणी औषधावाचूनही आपोआप उतरतात आणि श्रेय औषधाला मिळते. रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा दुखणे शिगेला पोहोचल्यावर, तेव्हा त्यानंतरचा उतार पुष्कळदा स्वाभाविकच असतो. बरे झालेले रुग्ण आभार मानण्यास परत येतात आणि न बरे झालेले दुसऱ्या वैद्याकडे निघून जातात, म्हणून स्मरणात यशाचीच गर्दी होते. आणि ज्याला औषधावर भरवसा आहे तो डॉक्टर व तो रुग्ण, दोघांनाही गुण आल्याचा भास लवकर होतो. या साऱ्या भ्रमांतून सत्य वेगळे काढावयाचे, तर तुलना हवी, तुलनेतील दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे हवेत, आणि मोजणाऱ्याच्या मनातील पक्षपाताला मोजमापात शिरकाव मिळू नये असा बंदोबस्त हवा.

या बंदोबस्ताची आधुनिक पद्धत १९४८ साली इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या क्षयरोगावरील प्रयोगात प्रथम ठळकपणे दिसली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने आखलेल्या त्या प्रयोगात १०७ रुग्ण होते. कोणाला स्ट्रेप्टोमायसिन व विश्रांती आणि कोणाला केवळ विश्रांती मिळावी, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता आधीच लखोट्यांत बंद करून ठेवलेल्या यादृच्छिक क्रमाने ठरविले गेले. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ जणांपैकी १४ दगावले होते, आणि औषधाचा गुण स्पष्ट दिसून आला. आपल्या देशात मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने याच पद्धतीने एक अधिक धाडसी प्रश्न विचारला: क्षयाच्या रुग्णाला आरोग्यधामात ठेवून जे औषध द्यावयाचे, तेच त्याच्या दरिद्री घरात, दाटीवाटीच्या वस्तीत दिले तर? १९३ रुग्णांवरील या तुलनेचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. घरी राहणाऱ्यांना जवळजवळ तितकाच गुण आला होता आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक बाधा पोहोचली नव्हती. क्षयी माणसाला घरदार सोडून महिनोन्महिने दूर ठेवण्याची जी चाल जगभर रूढ होती, तिचा पाया या भारतीय प्रयोगाने ढासळला. आज कन्हानचा क्षयरुग्ण आपल्या घरी राहून औषध घेतो, त्यामागे हा इतिहास आहे.

असा प्रयोग आखणे हे जन्मजात बुद्धीचे काम नसून शिकून येणारी विद्या आहे, आणि तिच्या अभ्यासक्रमाचा तपशील पाहिला म्हणजे तिचे गांभीर्य ध्यानात येते. पहिला पाठ प्रश्न विचारण्याचा असतो. ‘हे औषध चांगले आहे काय’ हा प्रश्न संशोधकाच्या कामाचा नाही; कोणत्या रुग्णांना, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम किती मुदतीनंतर मोजावयाचा, ही चारही अंगे स्पष्ट झाल्याखेरीज प्रश्नाला उत्तर मिळू शकत नाही. दुसरा पाठ रचनेचा: नोंदींवरून मागे वळून पाहावे, की रुग्णांचा एक समूह घेऊन त्याच्याबरोबर पुढे चालावे, की गट पाडून प्रत्यक्ष प्रयोग करावा, आणि प्रयोगच करावयाचा तर कोण कोणत्या गटात आहे हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून गुप्त कसे ठेवावे. तिसरा पाठ संख्येचा: किती रुग्ण घेतले असता उत्तर विश्वसनीय होईल, हे आरंभीच गणित करून ठरवावे लागते, कारण संख्या अपुरी असली तर रुग्णांना दिलेला त्रास व्यर्थ जातो आणि अवाजवी असली तर गरजेहून अधिक माणसांना जोखीम पत्करावी लागते. यानंतर संख्याशास्त्र, नोंदवह्यांची शिस्त, औषधाच्या दुष्परिणामांची तातडीची खबर, कायदा, नीती, पूर्वी झालेल्या साऱ्या अभ्यासांचा एकत्र पडताळा घेण्याची रीत, आणि अखेरीस जे आढळले ते, अनुकूल असो वा प्रतिकूल, प्रामाणिकपणे लिहिण्याची कला, असा क्रम लागतो.

ही विद्या आपल्या मुलखात काय करू शकते, याचे पहिले उदाहरण सिकलसेल या रक्तविकाराचे घेऊ. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनच्या एका शृंखलेत एकच घटक बदलल्याने प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रुग्णाला असह्य वेदना, पांडुरोग, वारंवारचे जंतुसंसर्ग आणि अकाली मृत्यू यांना तोंड द्यावे लागते. आई-बाप दोघांकडून दोष आला तर हा रोग होतो. एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक राहतो. मध्य भारतातील या विकाराची नोंद नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या वैद्यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात केली. गोंडांसह अनेक आदिवासी जमातींत, तसेच पूर्वीच्या महार, तेली, कुणबी आदी समाजांत हा दोष विदर्भभर पसरलेला आहे, आणि नागपूर जिल्ह्यातील कोणत्याही आरोग्य केंद्राला तो अपरिचित नाही.

या रोगावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपयोगी पडते, असे १९९५ साली अमेरिकेतील २९९ प्रौढ रुग्णांवरील प्रयोगाने सिद्ध झाले. परंतु तेथील पद्धत अशी, की मात्रा हळूहळू चढवीत रुग्णाला सोसेल त्या कमाल मर्यादेपर्यंत न्यावयाची आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावयाचे. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मजुराच्या मुलाला अशा तपासण्या कशा परवडाव्यात? शिवाय भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण मुळातच अधिक असते, तेव्हा त्यांना तितकी मोठी मात्रा हवीच असेल असेही नाही. नागपूरच्याच बालरोगतज्ज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला. तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडून एका गटाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम अशी ठराविक, लहान मात्रा आणि दुसऱ्याला औषधविरहित गोळी १८ महिने दिली. कोणाला काय मिळते हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. औषध मिळालेल्या मुलांचे वेदनेचे झटके, रक्त चढविण्याचे प्रसंग आणि रुग्णालयातील भरती ही सारी लक्षणीय प्रमाणात उतरली, आणि हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. परदेशातील ग्रंथात हे उत्तर सापडणे शक्य नव्हते, कारण प्रश्नच तेथील नव्हता. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला आणि २०४७ पर्यंत हा रोग हटविण्याचा संकल्प सोडला गेला. तो सिद्धीस जावयाचा असेल तर अशा स्थानिक प्रश्नांची उत्तरे शोधणारी माणसे गावोगाव लागतील.

दुसरे उदाहरण निराळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. अतिसार झालेल्या मुलांना जस्त द्यावे अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली केली. नागपूरकर ज्याला ‘मेयो’ म्हणतात, त्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अर्चना पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ८०८ मुलांवर, जस्त, जस्त व तांबे आणि औषधविरहित गोळी अशा तीन गटांची तुलना केली, आणि अपेक्षित लाभ त्यांना आढळला नाही. हा निष्कर्ष त्यांनी २००९ साली जसाच्या तसा प्रसिद्ध केला. एका अभ्यासाने जागतिक शिफारस रद्द होत नाही आणि व्हावीही नये, कारण अन्य अनेक अभ्यासांचे वजन तिच्या बाजूला आहे. परंतु प्रतिकूल निष्कर्ष दप्तरात दडपून ठेवला असता तर पुराव्याच्या तराजूचे एक पारडे खोटे झाले असते. सत्य आपल्या अपेक्षेविरुद्ध गेले तरी ते नोंदवावे, हा संस्कार संख्याशास्त्राच्या सूत्रांहून अधिक मोलाचा आहे.

याच पटेलबाईंच्या पुढाकाराने नागपूरची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन ही संस्था माता व बालके यांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यात सामील झाली. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यास अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे टळतील काय, या प्रश्नावर सहा देशांतील सुमारे १२,००० स्त्रियांचा जो प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यातील भारताची दोन केंद्रे म्हणजे नागपूर आणि बेळगाव. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत अशा बाळंतपणांचे प्रमाण शेकडा १३.१ होते, ते ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ११.६ वर आले. फरक अल्प भासतो. परंतु गोळी अत्यंत स्वस्त आणि स्त्रिया लक्षावधी, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दीड टक्क्यात किती पाळणे सामावतात हे कळून येते. असा लहानसा फरक एकट्या डॉक्टराच्या अनुभवाला कधीच दिसला नसता.

नागपूरचे १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मेडिकल’, याच्या माजी विद्यार्थ्यांचा वृत्तांत या विषयात विशेष बोधप्रद आहे. हिंमतराव बावस्कर येथूनच एम.बी.बी.एस. झाले आणि कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे तडफडून मरत होती आणि ग्रंथात त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्रंदिवस बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, मृत्यू हृदय व फुप्फुसांच्या विकृतीने होतो हे ताडले, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर गुणकारी ठरते हे जगापुढे मांडले. मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे झपाट्याने उतरले. परंतु येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट त्यापुढची आहे. प्रतिविष उपलब्ध झाल्यावर, एवढा अनुभव गाठीशी असतानाही, त्यांनी केवळ अनुभवावर निर्णय दिला नाही. ७० रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिनसह प्रतिविष अशी तुलना केली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८ आणि दुसऱ्यात ३५ पैकी ३२ निघाले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ साली हे संशोधन प्रसिद्ध केले. त्याचा कर्ता महाडसारख्या लहान गावात रुग्णसेवा करणारा डॉक्टर होता.

त्याच महाविद्यालयात शिकलेले अभय व राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण १९८४ साली पुरे केले आणि ते शिक्षण घेऊन ते गडचिरोलीत आले. १९८६ साली त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ साली दाखवून दिले, की शेकडा ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या शेकडा केवळ ८ होत्या. पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंवर त्यांनी केलेला प्रयोग तर सर्वश्रुत आहे: ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हस्ते नवजात अर्भकांची घरोघर शुश्रूषा केली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. दर हजार जन्मांमागे ६२ असलेले मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ६० च्या घरातच राहिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुराव्याच्या बळावर केंद्र सरकारने २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींची योजना देशभर अमलात आणली. करुणा अनेकांपाशी असते. परंतु करुणेला मोजमापाची शिस्त लागली म्हणजे तिचे शासकीय धोरणात रूपांतर होऊ शकते, आणि ती शिस्त बंग दांपत्याने विद्यापीठात बसून शिकून घेतली होती.

हे शिक्षण जगात तरी कसे रूढ झाले? रुग्णसेवा व संशोधन दोन्ही करणारा वैद्य ही दुर्मिळ होत चाललेली जात आहे, असा इशारा अमेरिकेत जेम्स वाइनगार्डन यांनी १९७९ साली दिला. आणि १९९९ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चिकित्सा-संशोधनाच्या अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठांना स्वतंत्र अनुदान सुरू केले. तत्पूर्वी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात डेव्हिड सॅकेट यांनी १९६७ साली चिकित्सेला साथरोगविज्ञानाच्या पद्धतींची जोड देणारा विभाग उभारला होता, आणि १९८० साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विकसनशील देशांतील वैद्यकीय शिक्षकांना हीच विद्या शिकविणारे ‘इन्क्लेन’ हे जाळे निर्माण झाले. त्यातूनच भारतातील निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत चिकित्सा-साथरोगविज्ञानाचे विभाग उघडले आणि त्यांत नागपूरचाही समावेश झाला. वर सांगितलेल्या संशोधनामागे असे शिक्षण घेतलेली माणसे आहेत, हा योगायोग नव्हे.

आज आपल्याकडे औपचारिक व्यवस्था बऱ्यापैकी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना अल्पमुदतीच्या संशोधनासाठी विद्यावेतन देते; एम.डी. व एम.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अनिवार्य करण्यात आला आहे. परंतु सक्तीचे शिक्षण आणि साधलेले शिक्षण यांत अंतर आहे. रोज शंभर-शंभर रुग्ण पाहून थकलेला निवासी डॉक्टर प्रबंध हा परीक्षेच्या अर्जाला जोडावयाचा एक दस्तऐवज समजतो, विषय मार्गदर्शकाने नेमून दिलेला असतो, नोंदी अखेरच्या महिन्यांत घाईने पुऱ्या केल्या जातात, आणि बांधणी झाल्यावर तो प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतो. ज्याला संशोधन शिकवावयाचे त्याला त्यासाठी आठवड्यातून काही निश्चित वेळ रुग्णसेवेच्या कामातून मोकळा दिला पाहिजे आणि चुका दाखवून देणारा मार्गदर्शक त्याच्या शेजारी असला पाहिजे; एरवी अभ्यासक्रमाची सनद मिळेल, विद्या मिळणार नाही.

या शिक्षणातील सर्वांत नाजूक प्रकरण नीतीचे. ज्या माणसावर प्रयोग होतो तो प्रयोगाचे साधन नसून त्यातील स्वतंत्र, सन्माननीय पक्ष आहे, हे तत्त्व १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने आणि १९६४ च्या हेलसिंकी घोषणेने जगाला सांगितले. तरीही २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या अभ्यासात, वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर त्यांच्या आईबापांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या आढळल्या, आणि संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. यानंतर कायदा कठोर झाला. १५ जून २००९ पासूनच देशातील चिकित्सा-प्रयोगांची सार्वजनिक नोंद करणे बंधनकारक झाले होते. २०१९ च्या नियमांनी त्यात भर घातली. नीतिसमितीत किमान सात सभासद हवेत, त्यांत एक कायदेपंडित, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री हवी, निम्मे सभासद संस्थेबाहेरचे हवेत; गंभीर दुष्परिणाम घडल्यास २४ तासांच्या आत खबर दिली पाहिजे; आणि प्रयोगामुळे इजा झाल्यास उपचार व नुकसानभरपाई मिळाली पाहिजे.

परंतु कायद्याचा शब्द कन्हानच्या खाणकामगाराच्या घरापर्यंत पोहोचविणारा माणूस शिकलेला नसेल तर संमतिपत्र हा केवळ कागद राहतो. खरी संमती ही एक संभाषण असते: हे संशोधन आहे, नेहमीचे औषध नव्हे, तुम्हाला कोणत्या गटात टाकले जाईल ते आम्हांलाही ठाऊक नाही, नकार दिलात तरी उपचारांत तसूभर फरक पडणार नाही, आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुमचा आहे. हे त्याच्या बोलीत, त्याला विचार करण्यास व घरच्यांशी मसलत करण्यास अवधी देऊन सांगावयाचे असते. आपल्या समाजात डॉक्टरला सहसा कोणी नाही म्हणत नाही. म्हणूनच ‘नाही’ म्हणणे रुग्णाला सोपे जावे, अशी बोलण्याची रीत डॉक्टरला मुद्दाम शिकावी लागते.

आणि हे काम एकट्या डॉक्टरचे नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. दिवसातून चार वेळा रुग्णाचा ताप मोजणारी परिचारिका नोंदीची पहिली धनी असते. गोळ्यांचा हिशेब औषधनिर्माता ठेवतो. रुग्ण तपासणीला का आला नाही हे आशाताईंना त्याच्या अंगणात कळते. रक्ताच्या नमुन्याची शुद्धता प्रयोगशाळेतील तंत्रज्ञावर अवलंबून असते. एवढी माणसे ज्या पुराव्याला हातभार लावतात, त्यांतील एकट्या डॉक्टरला शिक्षण देऊन बाकीच्यांना केवळ हुकुमाचे ताबेदार ठेवले, तर पुराव्याची साखळी तिच्या सर्वांत कच्च्या दुव्याइतकीच पक्की राहील. परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ व आयुर्वेदाचे पदवीधर या सर्वांना या अभ्यासक्रमांत समान दर्जाने स्थान असावे, आणि त्यातील प्राथमिक पाठ तरी मराठीतून द्यावेत. कारण ज्याला शंका मराठीत येते त्याला तिचे शास्त्र मराठीत समजून घेण्याचा हक्क आहे.

नागपूर परिसराजवळ या कामाची सामग्री अपुरी नाही. मेडिकल आणि मेयो आहेत. २०१८ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे केंद्र आहे. पलीकडे १९६९ पासून खेड्यांशी नाते जोडून असलेले सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. या चार संस्थांनी कन्हान, पारशिवनी, रामटेक, मौदा यांसारख्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांसाठी नोकरी न सोडता पुरा करता येईल असा चिकित्सा-संशोधनाचा अभ्यासक्रम एकत्र येऊन चालवावा, त्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या केंद्रातील एक खरा प्रश्न हाती घ्यावा, आणि निघालेले उत्तर त्या गावच्या ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेच्या सभागृहात लोकांना सांगावे, अशी तजवीज आरोग्य खात्याने करण्यासारखी आहे. खाणीच्या धुळीचा श्वासावर होणारा परिणाम असो, सिकलसेलच्या मुलाची शाळा किती दिवस बुडते हे असो, वा क्षयाचे औषध अर्ध्यावर का सुटते हे असो, या प्रश्नांची उत्तरे बाहेरून कोणी आणून देणार नाही.

वाचकांनाही एक विनंती. उद्या एखादा प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिका आपल्या दारी येऊन संशोधनात सहभागी व्हाल काय असे विचारील, तेव्हा भीतीने दार लावू नका आणि भिडेने सहीही करू नका. नीतिसमितीची मंजुरी आहे काय, सार्वजनिक नोंद झाली आहे काय, इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे विचारा, आणि समाधान झाले तर अवश्य सहभागी व्हा. आज आपण घेत असलेले प्रत्येक खात्रीचे औषध कोणा अनोळखी माणसांनी अशी संमती दिली म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचले आहे. ते ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग नाही.